नांगराचा दोर

गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे जयकरांची चार मजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली राजाराम गमरे घड्याळं दुरुस्त करत बसतो. जागा कसली, जिना वर जाताना खाली जेवढी पोकळी उरते तेवढी. पुढे काचेचं कपाट, मागे स्टूल, डोक्यावर पायऱ्यांची उलटी बाजू. तिथे ताठ उभं राहता येत नाही. सव्वीस वर्षं राजाराम तिथे एकतर बसलेला असतो नाहीतर वाकलेला, आणि वर कोण चढतंय, कोण उतरतंय हे त्याला नुसत्या पावलांवरून कळतं.

त्यातली गुरुदत्त जयकरांची पावलं तर तो झोपेतही ओळखेल. जयकर वकील होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि वकिली सोडल्यापासून त्यांना जुन्या घड्याळांनी पछाडलंय. नुसतं पछाडलं असतं तरी चाललं असतं, म्हातारपणी माणसाला काहीतरी हवंच. पण जयकरांचं सोवळं मोठं कडक. घड्याळ कारखान्यातून निघालं तसंच राहिलं पाहिजे. डायलवर डाग पडला, राहू दे. काट्याचा रंग उडाला, उडू दे. कुणी पॉलिश केलं, रंग लावला, की ते घड्याळ त्यांच्या लेखी मेलं. "राजाराम, म्हाताऱ्या बाईला लिपस्टिक लावून नवरी म्हणून उभं करायचं नाही," असं ते म्हणतात आणि स्वतःच हसतात. राजारामही हसतो. न हसून सांगतो कुणाला? तरुणपणी दादरच्या फुटपाथवर टेबल टाकून तो नेमका तोच धंदा करत होता. खराब झालेली डायलं रंगवण्यात तेव्हा त्याचा हात धरणारा मुंबईत कुणी नव्हता.

जयकरांच्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं घड्याळ म्हणजे त्यांच्या वडिलांचं. माझगावात पूर्वी एक आगबोट कंपनी होती, ती कधीच बुडाली. १९५७ साली कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने स्वित्झर्लंडहून दोनशे घड्याळं करून आणली आणि आपल्या माणसांना वाटली. पांढरं डायल, बाराच्या आकड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा बोटीचा नांगर आणि त्या नांगराला वेटोळं घातलेला तपकिरी दोर. जयकरांचे वडील कंपनीत हेडक्लार्क होते. दोनशेतलं आपलं एकच उरलंय असं जयकर धरून चालले होते. त्यांनी त्यावर सोळा पानांची पुस्तिका छापून घेतली होती आणि मुखपृष्ठावर तो दोरवाला नांगर पानभर मोठा करून टाकला होता. घड्याळ उघडायची परवानगी मात्र कुणालाच नव्हती. ज्याला कधी कुणाचा हात लागला नाही, त्याला आता तरी कशाला लावायचा, असं त्यांचं म्हणणं.

तो दोर राजारामने काढला होता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जयकरांच्या वडिलांच्या तिथीला त्यांच्या फोटोपुढे त्यांचं घड्याळ ठेवायचं, असा जयकरांच्या घरात रिवाज. आदल्या दिवशी देवाची पितळी भांडी चिंचेने घासताना मृणालिनीबाईंना, म्हणजे जयकरांच्या बायकोला, वाटलं की घड्याळही काळवंडलंय, त्यालाही जरा हात मारावा. काच तडकलेली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चिंचेचं पाणी आत गेलं आणि डायलची पार वाट लागली. तिथीला त्यांनी घड्याळ पालथं ठेवून वेळ मारून नेली. नंतर ते रुमालात गुंडाळलं आणि गिरगावात कुणी ओळखेल म्हणून थेट दादर गाठलं.

राजारामने पाहिलं तेव्हा नांगराचा वरचा अर्धा भाग उरला होता, खालचा धुऊन गेला होता, आणि भोवती एक तपकिरी वळण दिसत होतं. भिंग लावून तो अर्धा तास ते न्याहाळत बसला. नांगर म्हटला की दोर आलाच, भाऊच्या धक्क्यावर त्याने ढिगाने पाहिले होते. त्याने डायल पांढरं केलं, आकडे उठवले, नांगर काढला आणि बारीक ब्रशने ते वळण जसंच्या तसं उतरवलं. इतकं देखणं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नाही. जयकरांना काहीच कळलं नाही. तेव्हा कोर्टकचेरीच्या धबडग्यात बापाच्या घड्याळाकडे बघायला त्यांना फुरसत होती कुठे?

"ह्यांना कधी म्हणजे कधी कळता कामा नये," बाई म्हणाल्या होत्या. राजारामने शब्द दिला. महिन्याभराने बाईंनी नवऱ्याकडे शब्द टाकून त्याला जिन्याखालची जागा मिळवून दिली. म्युनिसिपालटीची गाडी आली की टेबल उचलून पळायचं, ते संपलं. जागेचा कागद नाही, पत्र नाही. सगळा कारभार बाईंच्या शब्दावर आणि राजारामच्या गप्प बसण्यावर.

एक गोष्ट तेवढी त्याने बाईंना सांगितली नव्हती. तो ज्यांच्या हाताखाली शिकला त्या सीताराममामांची शिस्त होती. डायल रंगवलंस की मागच्या अंगाला सुईने नाव आणि साल कोर. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण उद्या जो कारागीर हे उघडेल त्याला फसवायचं नाही. राजारामने कोरलं होतं, 'रा. ग. ९८'.

तर असं सगळं सव्वीस वर्षं सुखाने चाललं होतं. मार्चमध्ये एका दुपारी कपाटापुढे नम्रता येऊन उभी राहिली. भोईवाड्यात राजारामच्या मागच्या चाळीतल्या रघु येलव्यांची ही मुलगी, विमा कंपनीत नोकरीला.

"जय भीम काका. बाबा म्हणाले, गिरगावात आपला माणूस बसतो, त्यालाच दाखव."

तिने डबी उघडली. राजारामने भिंग डोळ्याला लावलं. तेच डायल, सत्तर वर्षांनी पिवळसर पडलेलं. तोच नांगर, दोन्ही टोकं शाबूत. आणि नांगराभोवती काहीही नव्हतं. दोर नाही, दोराचा मागमूसही नाही.

इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ते तपकिरी वळण म्हणजे दोर नव्हताच. चिंचेचा डाग होता तो. आपण अर्धा तास भिंग लावून चिंचेचा डाग गिरवला आणि साहेबांनी तो पुस्तिकेवर पानभर छापला!

"काका, हे नकली आहे का?" नम्रता विचारत होती. "माझे पणजोबा कंपनीत क्रेनवर मुकादम होते. त्यांना मिळालेलं. मी फोटो टाकला त्या जुन्या घड्याळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सहजच. तर तुमचे ते वरचे जयकर सर म्हणतात, नांगराला दोर नाही म्हणजे डायल बोगस. वर एकाने लिहिलं, गोदीतल्या हमालाला स्विस घड्याळ कोण देणार. आणि त्याला अकरा जणांनी अंगठे दिले."

"रघुने वाचलं?"

"वाचलं ना. तेच तर झालं." तिचा आवाज खाली आला. "पणजोबा म्हणायचे, कंपनीने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि हेडक्लार्क साहेबाला जे दिलं तेच मला दिलं. जन्मात तेवढं एकदाच, काका. बाबा दर चौदा एप्रिलला ते घड्याळ घालून निघतात आणि रस्त्यात भेटेल त्याला हे सांगतात. आता म्हणतात, म्हणजे म्हातारा आपल्याला गंडवत होता काय गं? बोला ना काका. खरं आहे ना हे?"

खरं होतं. मुंबईत त्या घडीला तेवढं एकच खरं होतं, आणि हे ज्याला ठाऊक होतं त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "उघडून बघावं लागेल."

पोरगी विमा कंपनीतली, अर्धवट उत्तरावर परत जाणारी नव्हे. संध्याकाळपर्यंत तिने ग्रुपवर जाहीर करून टाकलं की राजाराम गमरे घड्याळ उघडून सगळ्यांसमोर निकाल देतील. जयकरांनी लगेच उत्तर दिलं. रविवारी अकरा वाजता, माझ्या घरी, दोन्ही घड्याळं उघडू, आजवर कुणाला उघडू दिलं नाही ते माझंही. राजारामच्या तोंडून निघेल ते मला मान्य. राजारामला कुणी विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी मृणालिनीबाई खाली आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कठडा धरून एकेक पायरी उतरली.

"राजाराम, ते उघडू नका. काहीतरी निमित्त सांगा."

"बाई, साहेब स्वतः उघड म्हणतायत. मी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून उघडतील. आणि मागे माझं नाव आहे."

"नाव? कुठे?"

त्याने सांगितलं. बाई कपाटाच्या काचेवर हात टेकून उभ्या राहिल्या.

"पण लिहिलंत कशाला हो?"

"आमच्यात रीत आहे, बाई."

"तेव्हाच सांगून टाकलं असतं तर चार दिवस आरडाओरडा केला असता आणि विसरले असते," बाई म्हणाल्या. "मग ह्यांना हे वेड लागलं. पुस्तिका काय, भाषणं काय. दर वर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?" राजाराम तरी कुठे सुटा होता? बोलावं तर बाईंचा शब्द जातो आणि जागा जाते, न बोलावं तर रघु येलव्याचा आजा खोटा ठरतो. सगळीकडून दार बंद.

रविवारी जयकरांच्या दिवाणखान्यात सहा जण जमले. ग्रुप चालवणारा अनिमेष मोबाईल सरसावून पुढेच बसला होता. नम्रता दाराजवळच्या खुर्चीत टेकली होती. जयकरांनी आपलं घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं आणि म्हणाले, "उघड, राजाराम. आज कळू दे लोकांना, अस्सल कशाला म्हणतात ते."

राजारामने आधी नम्रताचं उघडलं. डायल उचलून पालथं केलं. मागे कारखान्याचा आकडा, बाकी कोरं.

"ह्याला कुणाचा हात लागलेला नाही," तो म्हणाला. तेवढं तो मोठ्याने म्हणाला. नम्रताची पाठ ताठ झाली.

मग त्याने जयकरांचं घेतलं. मनाशी त्याने एक युक्ती योजली होती आणि ती आपल्याला फार हुशारीची वाटतेय हेही त्याला जाणवत होतं. आपण बोलायचंच नाही. नाव बोलेल. म्हणजे शब्दही मोडला नाही आणि खोटंही बोललो नाही. त्याने डायल उलटं केलं. 'रा. ग. ९८'. अक्षर तेव्हा बरं होतं त्याचं. त्याने ते तळव्यावर ठेवून भिंगासकट जयकरांपुढे धरलं.

"साहेब, तुम्हीच बघा."

जयकर बघत राहिले. दोन अक्षरं आणि दोन आकडे वाचायला लागतो त्याहून पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, ती राजारामकडे नाही. स्वयंपाकघराच्या दारात मृणालिनीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि ट्रेमधले कप किणकिणत होते.

"कोरं आहे," जयकर म्हणाले.

"सर, एक फोटो घेऊ?" अनिमेषने हात पुढे केला.

"नको. पुरे झालं. लाव परत, राजाराम."

आता बोलायची पाळी राजारामची होती. चार शब्दांचं काम. नम्रता त्याच्याकडेच बघत होती. पण त्याच्या डोळ्यांपुढे दादरचा फुटपाथ आला, बासष्टाव्या वर्षी टेबल उचलून पळणारे स्वतःचे पाय आले, आणि त्याने खाली मान घालून स्क्रू पिळायला घेतले. त्याला स्वतःची किळस आली. किळस येत असतानाच स्क्रू नीट बसलाय ना, हेही त्याने तपासलं.

"पण मग सिंपल आहे ना सर!" अनिमेष एकदम म्हणाला. "दोन्ही ओरिजिनल. म्हणजे कंपनीने दोन व्हर्जन काढले. साहेब लोकांना दोरवालं, लेबरला साधं. कॉस्ट कटिंग! तेव्हापण चालायचं यार."

सगळ्यांना ते पटलं. पटणारच, त्यात कुणीच खोटं ठरत नव्हतं. एक जण नम्रताला "अभिनंदन" म्हणाला. जयकर म्हणाले, "असेल." नम्रता "अच्छा" म्हणाली, डबी बंद केली आणि चहा न घेता निघाली. संध्याकाळी ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकाखाली लिहिलं होतं 'साहेब आवृत्ती', दुसऱ्याखाली 'कामगार आवृत्ती'.

सोमवारी राजाराम कपाट उघडतोय तोच नम्रता आली. तिने डबी काचेवर ठेवली.

"काका, ह्याच्यावर दोर काढून द्या."

"काय?"

"बाबांनी सांगितलंय. म्हणाले, साहेबाला दिलं तेच मला दिलं असं म्हातारा म्हणायचा ना, मग तेच करून आण. कंपनीने नाही दिला दोर, तर आपण काढून घेऊ. चौदा तारखेला घालायचंय त्यांना." तिने डोळे पुसले नाहीत, पण ते भरलेले होते. "तुमच्यासारखं डायलचं काम कुणाला येत नाही म्हणतात. इतकं द्या करून. कळणार नाही ना कुणाला?"

सव्वीस वर्षांत राजारामला इतकं कुणी मारलं नव्हतं. एवढ्यात वर पावलं वाजली आणि मध्येच थांबली. मृणालिनीबाई भाजीची पिशवी घेऊन सहाव्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे काल दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत," त्या राजारामला म्हणाल्या. "वाढलं की जेवतात. विचारतही नाहीत. मीही सांगत नाही." आणि गिरगावातल्या जयकरांच्या घरची ती बाई भर दिवसा जिन्याच्या पायरीवर बसली.

म्हणजे जे झाकायचं ते झाकलेलं राहिलंच नव्हतं. आपण काल नेमकं काय वाचवलं? राजारामने विचार केला, तर एक डाग वाचवला होता.

"नम्रता, बस," तो म्हणाला. "तो दोर मी काढलाय." आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. रुमालात आलेलं घड्याळ, तपकिरी वळण, मागे कोरलेलं नाव, सगळं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही.

"मग काल का नाही बोललात?"

"काल घाबरलो."

"माझा बाप काल जेवला नाही, काका." ती ओरडली नाही, पण ओरडली असती तर बरं झालं असतं. "आपला माणूस म्हणून पाठवलं होतं त्यांनी मला."

राजारामने बिलाचं पुस्तक ओढलं आणि पाठकोऱ्या पानावर लिहिलं की जयकरांच्या घड्याळाचं डायल १९९८ साली मी रंगवलं, नांगराभोवतीचा दोर ही माझी चूक आहे, कंपनीने दोर दिलेला नव्हता, कुणालाच दिलेला नव्हता. खाली पूर्ण नाव घातलं, राजाराम गमरे.

"द्या इकडे," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पायरीवर बसल्या बसल्याच पान गुडघ्यावर घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'चिंच मी लावली.' सही केली.

नम्रताने फोटो काढला. ग्रुपवर गेल्याचा बारीक आवाज आला.

"आणि हे?" तिने डबीवर बोट ठेवलं.

"ह्याला मी हात लावणार नाही. रघुला सांग, साहेबाला दिलं तेच तुमच्या म्हाताऱ्याला दिलं होतं. साहेबाचं नंतर बिघडलं. तुमचं आहे तसंच आहे."

ती गेली. बाई बसूनच राहिल्या. राजारामने एकेक खण ओढून चिमटे, ब्रश, भिंगं पिशवीत भरायला घेतली. अर्धा खण रिकामा झाला असेल, तोच तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि जयकरांची पावलं जिन्यावर आली. ती पावलं तो सव्वीस वर्षं स्टुलावर बसून, पाठ वाकवून ऐकत आला होता. आज त्याने पिशवी खाली ठेवली, जिन्याखालून बाहेर येऊन उभा राहिला आणि ते खाली पोचेपर्यंत तसाच थांबला.